चर्चमध्ये गॉस्पेल अल्बमचे थेट ध्वनिमुद्रण: या चुका टाळा

अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिन यांनी १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड आणि सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर हा गायकवृंद यांच्या साथीने ‘अमेझिंग ग्रेस’ हा गॉस्पेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताचा, दुहेरी अल्बम ध्वनिमुद्रित केला. आपल्या चर्चमध्ये असे ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या प्रत्येक गायकवृंदाने तो लक्षपूर्वक ऐकावा, असे मला मनापासून वाटते. समोर बसलेल्या मंडळीचा आवाज त्यात गाण्याइतकाच मोलाचा मानला गेला आहे, आणि या कामातल्या सर्वांत मोठ्या चुका नेमक्या तिथेच होतात.

मंडळीला गोंगाट समजणे ही त्यांतली पहिली चूक. गॉस्पेलमध्ये गायिका एक ओळ टाकते, मंडळी ‘आमेन’ म्हणून, टाळी देऊन तिला उत्तर देते, आणि त्या उत्तराच्या जोरावर पुढची ओळ किती लांबवायची हे ठरते. त्या अल्बममधले शीर्षकगीत जवळजवळ अकरा मिनिटे चालते. ती लांबी या देवाणघेवाणीतून आली आहे. सगळे माइक गायक आणि वाद्यांना देऊन मंडळीकडे एकही न ठेवल्यास घरी ऐकताना गायिका विनाकारण थांबते आहे, ओळी उगाच परत म्हणते आहे, असे वाटू लागते. म्हणून किमान दोन माइक मंडळीच्या दिशेने, लाउडस्पीकरांपासून शक्य तितके दूर लावावेत आणि त्यांचे ट्रॅक, म्हणजे मुद्रणाच्या पट्ट्या, स्वतंत्र ठेवावेत.

हे माइक लावल्यावर एक अडचण हमखास येते: मिक्स करताना, म्हणजे सर्व ट्रॅक एकत्र मिसळताना, ढोल किंवा टाळी दोनदा ऐकू येते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे मंचापासून दहा मीटरवरच्या माइकपर्यंत तो जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मंडळीचे ट्रॅक तेवढे अलीकडे सरकवले की मंचावरचा आवाज एकत्र बसतो. दुसरा दोष मिक्स करणाऱ्याच्या हातून होतो. गाणे चालू असताना मंडळी पूर्ण बंद आणि गाणे संपताच टाळ्यांचा कडकडाट, असे केल्यास त्या टाळ्या दुसरीकडून आणून चिकटवल्यासारख्या वाटतात. मंडळीचा आवाज गाण्याच्या आतही कमी पातळीवर सतत राहू द्यावा.

वास्तूचा विचार न करणे ही चूकही तितकीच महाग पडते. न्यू टेंपल चर्चची इमारत पूर्वी चित्रपटगृह होती. उंच दगडी चर्चसारखा दीर्घ घुमारा तिथे नव्हता, त्यामुळे ड्रम, बास आणि ऑर्गन यांची जलद साथ स्पष्ट राहू शकली. मुंबई-पुण्यातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज बराच वेळ रेंगाळतो, आणि तिथे तीच लय, तोच ड्रमसेट घेतल्यास शब्द एकमेकांत मिसळतात. एकदा मुद्रित झालेला घुमारा नंतर समाधानकारकरीत्या काढता येत नाही, म्हणून उपाय आधीच करावा: गायकांचे माइक जवळ घ्यावेत, ड्रम हलक्या हाताने वाजवावेत, मंचामागे आणि बाजूंना जाड पडदे किंवा सतरंज्या टांगाव्यात. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. रिकाम्या चर्चमध्ये केलेली ध्वनिचाचणी फसवी असते, कारण बाके भरल्यावर माणसे आणि त्यांचे कपडे बराचसा आवाज, विशेषतः वरच्या पट्टीतला, शोषून घेतात. शक्य असल्यास शेवटची चाचणी रविवारच्या उपासनेनंतर मंडळी बसलेली असतानाच करावी.

माइकांची संख्या वाढवल्याने गायकवृंद चांगला ऐकू येतो, हा समज चुकीचा आहे. एडविन हॉकिन्स यांच्या अमेरिकन गायकवृंदाचे ‘ओह हॅपी डे’ हे गॉस्पेल गीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या एका चर्चमध्ये केवळ दोन ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाले आणि पुढे जगभर गाजले. जवळजवळ ठेवलेले अनेक माइक एकाच गायकाचा आवाज वेगवेगळ्या क्षणी टिपतात आणि तो पोकळ होतो. माइकपासून गायकाचे जे अंतर असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे.

मुद्रणाची पातळी, म्हणजे माइकचा आवाज किती मोठा टिपायचा ते, गाण्याच्या हळुवार सुरुवातीवर ठरवू नये. गॉस्पेल कुजबुजीतून उठून आरोळीपर्यंत जाते, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. सर्वांत जोरकस ध्रुवपद गाऊन घ्यावे, २४ बिटवर (बारीक आवाजही नीट टिपणाऱ्या डिजिटल मापावर) मुद्रण करावे आणि त्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या वर दहा-बारा डेसिबल (आवाजाच्या पातळीचे एकक) जागा मोकळी ठेवावी. घूं असा सततचा आवाज येत असल्यास सगळी ध्वनियंत्रणा एकाच जागेवरून वीज घेते का, दिवे वेगळ्या जोडणीवर आहेत का, हे पाहावे. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, त्यात माइक हाती धरणाऱ्याच्या जिवाला धोका असतो.

चित्रीकरण करणार असाल तर ध्वनी आणि चित्र जुळवण्याची खूण प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू होताच घ्या. फ्रँकलिन यांच्या त्या दोन रात्री दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी चित्रित केल्या होत्या, पण क्लॅपर (चित्रीकरण सुरू होताना कॅमेऱ्यासमोर आपटतात ती पाटी) न वापरल्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात. तो चित्रपट प्रेक्षकांसमोर यायला २०१८ उजाडले. सर्व कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक स्पष्ट टाळी एवढा मोठा तोटा टाळू शकते.

संकलनात दोन रात्रींच्या गाण्यांचे तुकडे जोडण्याचा मोह होतो. लय, ऑर्गनचा घुमारा आणि मंडळीचा उत्साह दोन्ही रात्री सारखा नसतो, म्हणून शक्यतो अखंड गाणे निवडावे. गाण्यांमधले पाळकांचे बोलणेही सरसकट कापू नये. ‘अमेझिंग ग्रेस’च्या १९९९ मध्ये निघालेल्या संपूर्ण आवृत्तीत त्या दोन्ही रात्री सलग ऐकता येतात आणि एका गाण्यातून पुढचे कसे उमलते, ते त्यात कळते.

परवानग्या ध्वनिमुद्रणापूर्वी लेखी घ्याव्यात: गायक, वादक, पाळक आणि गीतांचे हक्कदार यांच्याकडून, ध्वनी आणि चित्र या दोहोंसाठी वेगवेगळ्या. २०१५ मध्ये फ्रँकलिन यांनी न्यायालयात जाऊन अमेरिकेतल्या टेल्युराइड चित्रपट महोत्सवातले पोलॅक यांनी चित्रित केलेल्या त्याच चित्रपटाचे प्रदर्शन थांबवले होते. मंडळीच्या माहितीसाठी प्रवेशद्वारावर ठळक मराठी फलक लावावा, आणि ज्यांना चित्रात यायचे नसेल त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरची काही बाके राखून ठेवावीत.