एका चित्राला आठ दिवस द्या

गुहागरात आमच्या स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल आहे. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून उन्हाचा पट्टा फडताळावर उतरतो. पाश्चात्त्य चित्रं बघायला मी त्या पट्ट्यावरून शिकले.

आधी एकच चित्र निवडा. मी डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं 'दूध ओतणारी बाई' घेतलं, १६६०च्या आसपासचं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात फुकट मिळतं. पण फोन हातात घेण्याआधी वर्तमानपत्राचा ४५ बाय ४१ सेंटिमीटरचा तुकडा कापून भिंतीला लावा. मूळ चित्र एवढंच, सुपाएवढं! त्याच संग्रहालयातलं रेम्ब्राँ या डच चित्रकाराचं 'नाइट वॉच' (१६४२) साडेचार मीटर रुंद आहे. आमच्या पडवीत मावायचं नाही. एक जवळ जाऊन बघायचं, दुसऱ्यापासून मागे सरायचं, हे फोनच्या पडद्यावर कळत नाही.

पहिले तीन-चार दिवस काही वाचू नका. उजेड कुठून येतो आणि कुठे कुठे थबकतो, तेवढंच शोधा. इथे तो डावीकडच्या खिडकीतून येतो. तिथलं एक तावदान फुटलेलं आहे. पावावर पांढरट ठिपके आहेत, आपल्याकडे तुपाचे थेंब चमकतात तसे. वर कोऱ्या भिंतीत एक खिळा आहे आणि त्याची इवलीशी सावलीही आहे. तो खिळा मला चौथ्या दिवशी दिसला आणि अंगावर काटा आला. एवढ्या शांत चित्रात हलतंय ते फक्त दूध, बारीक धारेनं.

मग वाचा. एप्रनचा निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून केलेला, फार महागडा. तोही मोलकरणीच्या कपड्याला! बाईच्या डोक्यामागे आधी सुरया अडकवायची फळी रंगवायला घेतली होती, ती चित्रकारानं नंतर झाकून टाकली, हे २०२२मध्ये तपासणीत उघड झालं. काय काढून टाकलंय हेही बघायचं असतं.

पुढच्या आठवड्यात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' (१८७२) घ्या. फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातली धुक्याची सकाळ आहे. आपल्याकडे सूर्य डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात बुडतो, म्हणून मला ते आधी संध्याकाळचंच वाटलं. आता फोनमध्ये चित्र कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! त्याचा उजळपणा भोवतालच्या आभाळाइतकाच आहे, फरक फक्त रंगाचा. म्हणूनच तो केशरी गोळा धडधडल्यासारखा वाटतो.

हे जमलं की चिपळूणहून गाडी पकडून मुंबई गाठा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. समोरून बघून झालं की दोन पावलं बाजूला सरून तिरकं बघा, म्हणजे वाळलेल्या रंगाचे उंचवटे आणि कुंचल्याचे ओरखडे उजेडात दिसतील.