माशाला गुडघा नसतो: पडद्यासाठी जलपरीची शेपटी

घोडबंदर रोडवरच्या एका सेटवर मी शिवलेली पहिली जलपरी खडकावर बसली आणि मॉनिटरमागून आवाज आला, "ताई, हिचे गुडघे दिसतायत." टिकल्या चमकत होत्या, रंग झकास बसला होता, पण लायक्राखालून गुडघ्यांच्या दोन वाट्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. तेव्हापासून शेपटीचं काम आलं की मी आधी गुडघ्याचा विचार करते, मग रंगाचा.

दिग्दर्शकाला पहिला प्रश्न विचारा: शेपटी कोरडी हवी की ओली? खडकावर बसायची शेपटी वेगळी, पोहायची वेगळी. एकीतच दोन्ही उरकायला गेलात तर दोन्हीकडे फसाल. कारण पुढे पाण्यातल्या शेपटीच्या वेळी कळेल.

मापं घेताना कलाकाराला जुन्या चादरीवर उताणं झोपवा. पाय जुळवून, पंजे पुढे ताणून. मार्करने कमरेपासून बोटांपर्यंत कड काढून घ्या. मग दोन्ही पाय मिळून टेप फिरवा: कंबर, नितंब, मांड्या, गुडघ्याच्या वर, गुडघा, पोटऱ्या, घोटे. चादरीवरची रेघ पोटरीपाशी फुगेल, घोट्यापाशी आत जाईल. ती तशीच ठेवू नका. नितंबापासून घोट्यापर्यंत गाजरासारखी निमुळती करून घ्या.

कापड चारही बाजूंनी ताणलं जाणारं लायक्राच हवं. ते अंगाला चिकटून बसावं म्हणून घेर साधारण दहा टक्क्यांनी कमी धरा. गुडघ्याभोवती ६० सेंटिमीटर असेल तर कापड ५४, म्हणजे पुढचा-मागचा भाग प्रत्येकी २७, अधिक शिलाईची माया. लांबी मात्र कमी करू नका. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, ११ नंबरची, धागा पॉलिएस्टरचा आणि शिवण झिगझॅग. साध्या सरळ टाक्याचा धागा शेपटी चढवतानाच तटातट तुटतो. कोरड्या शेपटीला मागून, गुडघ्यापासून खाली झिप द्या. बारा तासांच्या शिफ्टमध्ये माणसाला बाथरूमला जावं लागतं, हे कागदावर डिझाइन काढणारे विसरतात.

आता कोरड्या शेपटीतला गुडघा. अंगालगत एक घट्ट अस्तर शिवा आणि त्यावर फोम चिकटवा. वाटीवर नाही, वाटीच्या वर आणि खाली, म्हणजे सगळा भाग एका पातळीत येतो. मागे गुडघ्याची खळगी भरा, दोन पोटऱ्यांमधली आणि घोट्यांमधली फटही भरा. फोमच्या कडा कात्रीने तिरक्या कापून उतरत्या करा, नाहीतर लायक्राखाली पायरी उठते आणि लाइट बाजूने पडला की ती हमखास दिसते. एवढं करूनही कलाकार खुर्चीत बसल्यासारखी बसली तर सगळं मुसळ केरात. तिला कमरेतून झुकायला सांगा, पाय एका बाजूला लांब सोडायला सांगा.

टोकाचा पंखा कोरड्या शेपटीला ईव्हीए फोमचा, म्हणजे चपलेच्या तळासारख्या दाट फोमचा, चालतो. पोहण्यासाठी मात्र ३ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट लागते. साइनबोर्डवाल्यांकडे गेलात तर अॅक्रेलिक नको, असं ठणकावून सांगा. ते वाकताना तडकतं आणि तुकडे धारदार निघतात. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा आणि पोहण्याच्या फिन्सचे बूट शीटला बोल्टने पक्के करा. माशाची शेपटी उभी असते, तो ती डावी-उजवीकडे मारतो. जलपरीची आडवी असते, डॉल्फिनसारखी, कारण आपले पाय वर-खालीच हलतात.

खवल्यांसाठी मासळी बाजारातून एक रोहू आणा. तो हातात धरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, खवले अडतात. उलटं फिरवा, बोट सरकतं. कौलांसारखी रचना आहे: वरची ओळ खालच्या ओळीवर चढते, मोकळी कड शेपटीकडे. म्हणून खवले शिवायला खालून सुरुवात करायची, वर चढत जायचं. मी एकदा कमरेपासून सुरू केलं होतं आणि अख्खी रात्र उसवण्यात गेली. हाताने शिवलेले खवले फक्त कंबर आणि मांडीवर लावा, जिथे क्लोजअप येतो. बाकीचं काम जाळ्याने होतं. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा मागून बघा. शेपटीत उशा ठासून भरा, जाळं ताणून बांधा आणि स्पंजने फॅब्रिक कलर टिपा. जाळं काढलं की खवले तयार. घोट्याकडे जाताना जाळं आवळत न्या, खवले आपोआप बारीक होतात. न ताणलेल्या लायक्रावर रंग दिलात तर कलाकाराने पाय घातल्याबरोबर त्याला भेगा पडतील.

सिलिकॉनची शेपटी सगळ्यात खरी दिसते, पण ती वजनाला पंधरा-वीस किलोंच्या घरात जाऊ शकते आणि ती घातलेल्या कलाकाराला पाण्याबाहेर उचलूनच न्यावं लागतं. प्लॅटिनम सिलिकॉन (दोन भाग कालवून घट्ट होणारं) ओतताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. त्याचा स्पर्श झालेला भाग घट्ट होत नाही, चिकट राहतो. मे महिन्यातल्या ठाण्यात ते मिश्रण लवकर आवळतं, म्हणून थोडं थोडंच कालवा.

पाण्यातल्या शेपटीत फोम नको. फोम तरंगतो, पाय वर येतात आणि डोकं खाली जातं. शूटच्या आधी उथळ तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, कलाकाराने स्वतःच्या हाताने शेपटी काढून दाखवली पाहिजे. कुणाच्याही मदतीशिवाय, सलग तीनदा. जमलं नाही तर शेपटी सैल करा, पण खोल पाण्यात नेऊ नका. शूट चालू असताना हाताच्या अंतरावर एक पट्टीचा पोहणारा हवाच, फ्रेमच्या बाहेर.

पॅकअप झालं की क्लोरीन निघून जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुवा, आतून बाहेर उलटी करा, सावलीत वाळवा. पंखा घडी न घालता आडवा ठेवा. आणि बाल्कनीत वाळत घालणार असाल तर आधी शेजारच्या काकूंना सांगून ठेवा.