ओटच्या जुन्या वाणांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

ओटच्या पारंपरिक वाणांची जनुकीय विविधता हा विषय घेऊन येणारे विद्यार्थी आधी विचारतात, ‘मार्कर (डीएनएमधले फरक ओळखायच्या खुणा) कोणते वापरू?’ मी उलट विचारते, ‘एका वाणाच्या बियांच्या पाकिटातली किती रोपं घेणार?’ सगळं काम या उत्तरावर उभं राहतं.

ओट स्वपरागित आहे, म्हणजे फुलात त्याच फुलाचे पराग पडून बी धरतं. एकेक रोप जवळजवळ शुद्ध वंशाचं, पण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं वाण म्हणजे अशा कितीतरी वंशांचं मिश्रण. कुणाला कुसळं असतात, कुणाला नसतात. दाण्यांच्या रंगातही फरक दिसतो. एकाच रोपाचा डीएनए काढलात, तर वाणाच्या आतली विविधता तिथेच निसटली. अनेक रोपांची पानं एकत्र वाटून डीएनए काढला, तर ॲलीलचं (जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचं) प्रमाण समजतं, पण कुठला ॲलील कुठल्या रोपात ते कळत नाही. वाण कमी घ्या, रोपं जास्त घ्या, असं माझं ठाम मत आहे. मार्गदर्शकांना वाणांचा आकडा मोठा हवा असेल, तर जरूर वाद घाला.

जनुकपेढीतलं (वाणांचं बी जपणाऱ्या संस्थेतलं) बी म्हणजे शेतातलं मूळ वाण जसंच्या तसं, असंही धरू नका. बी जुनं झालं की पुन्हा पेरून वाढवतात, आणि दरवेळी दुर्मीळ वंश गळण्याचा धोका असतो.

आकडेमोडीत दोन गोष्टी सांभाळा. ओटची ४२ गुणसूत्रं ए, सी आणि डी अशा तीन उपजीनोमांची, म्हणजे वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेल्या तीन संचांची आहेत. एखाद्या मार्करला बहुतेक सगळीच रोपं विषमयुग्मी (एकाच जागी दोन वेगळे ॲलील असलेली) दिसली, तर आनंदून जाऊ नका. बहुधा दोन उपजीनोमांतल्या सारख्या जागा एकच समजून वाचल्या गेल्यात. २०२२ मध्ये ‘सांग’ या वाणाचा संदर्भ जीनोम (तुलनेसाठीचा डीएनएचा पूर्ण क्रम) प्रसिद्ध झाला, त्याच्याशी ताडून असे मार्कर गाळता येतात. दुसरं, हार्डी-वाइनबर्ग समतोल (रोपांचा आपसात मुक्त संकर होतो असं मानणारा) गृहीत धरणाऱ्या पद्धती स्वपरागित पिकाला आंधळेपणाने लावू नका.

प्रजातीही तपासा. ऑर्कनी, शेटलंड आणि हेब्रिडीज बेटांवरचा छोटा काळा ओट, अव्हेना स्ट्रिगोसा, १४ गुणसूत्रांचा आहे. हलक्या, मँगनीज कमी असलेल्या वालुकामय जमिनीत तो तग धरतो. अभ्यासायला सुंदर, पण नेहमीच्या ओटच्या, अव्हेना सटायव्हाच्या, विविधता दाखवणाऱ्या आलेखात चुकून मिसळला, तर त्या एका ठिपक्यापुढे बाकीचे सगळे फरक दबून जातात.

हा खटाटोप कशासाठी, ते ‘व्हिक्टोरिया’ सांगतं. उरुग्वेहून आलेल्या या ओटमधली तांबेरा या बुरशीजन्य रोगाची प्रतिकारकता अमेरिकी पैदासकारांनी असंख्य वाणांत उतरवली. १९४० च्या दशकात एका नव्या बुरशीने नेमके तेच वाण झोपवले, कारण तांबेऱ्यापासून वाचवणारा जनुकच या बुरशीच्या विषाला बळी पडत होता. एकाच जनुकावर विसंबण्याची ही किंमत! पर्यायी जनुक शोधायचे तर जुन्या वाणांकडेच यावं लागतं.

म्हणून ज्या रोपाचं पान डीएनएसाठी तोडाल, त्याच रोपाचं बी वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाने राखा. पुढे तांबेऱ्याची चाचणी घ्यायची झाली तर तोच वंश हाताशी हवा.