कोची–कोळीकोड अभ्याससहल: आधी वार ठरवा

दहा-बारा जणांचा गट कोची आणि कोळीकोडला नेताना तिकिटांआधी वार बघा. कोचीतला मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ चं ‘परदेशी’ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी. कोळीकोडच्या कुट्टिचिरा या जुन्या मशिदींच्या भागात शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते. त्यामुळे रविवार ते गुरुवार उत्तम. सुरुवात कोचीतून करा.

एर्नाकुलम जेट्टीवरून फोर्ट कोचीला सरकारी बोटीनेच जा. बंदर का वसलं, ते पाण्यावरूनच कळतं. राजवाड्यात राजाच्या शयनगृहातल्या भिंतीवर रामायण रंगवलंय. खोली लहान, म्हणून सहा-सहा जणांना आत पाठवा. सगळे एकदम शिरले की मागच्यांना फक्त डोकी दिसतात. माहिती बाहेरच सांगून टाका, आत नुसतं बघू द्या. सिनेगॉगमध्ये नजर खाली ठेवायला सांगा: निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या. चेरळाईला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ आहे. गोव्यातून आलेल्यांची कोकणी तिथे आजही बोलली जाते, मराठी गटाने ती जरूर ऐकावी.

कोळीकोडला रेल्वेने साधारण चार तास. दुपार प्रवासात घालवा, सकाळ नको. कुट्टिचिरातल्या मिश्काल मशिदीचं लाकडी काम बाहेरूनही नीट दिसतं. आत जायचं तर आधी परवानगी घ्या. कोळीकोडजवळच्या बेपूरला ‘उरू’ ही लाकडी जहाजं बांधतात, पण काम सुरू आहे का हे आदल्या दिवशी विचारा. नाहीतर रिकामं आवार बघून परत यावं लागतं.