इंदुरातील वाइनच्या संग्रहासाठी घराबाहेरची जागा निवडताना

माळव्यातल्या उन्हाळ्याच्या गार रात्रींचे कौतुक इंदूरकर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, पण वाइनच्या बाटलीला नेमके तेच मानवत नाही. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि पहाटेपर्यंत बराच खाली उतरतो. हा चढउतार ज्या खोलीपर्यंत पोचतो, तिथे बाटलीतला द्रव रोज थोडा फुगतो आणि थोडा आकसतो. फुगताना बुचावर आतून दाब येतो आणि आकसताना बुचाच्या कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून जागा किती थंड आहे यापेक्षा ती किती स्थिर आहे, हे आधी विचारावे. १२ ते १४ अंश हे तापमान उत्तम मानले जाते. परंतु वर्षभर १६ अंशांवर राहणारी खोली १० आणि २० अंशांमध्ये झुलणाऱ्या खोलीपेक्षा केव्हाही बरी.

त्याआधी मुळात काय ठेवायचे आहे ते ठरवावे. नाशिककडची बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते आणि त्यातल्या अनेक बाटल्यांना बुचाऐवजी फिरकीचे झाकण असते. अशा बाटल्यांसाठी बाहेरच्या जागेचे भाडे भरणे मला तरी उधळपट्टी वाटते. त्या घरातल्या छोट्या वाइन-कपाटात ठेवाव्यात. दहा-वीस वर्षे मुरण्याच्या लायकीच्या, चांगल्या बुचाच्या बाटल्या संग्रहात किती आहेत ते मोजावे, आणि पुढचा सगळा विचार तेवढ्यांपुरताच करावा.

इंदुरात मोठी अडचण कायद्याची आहे, तापमानाची नंतर. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम १९१५ चा असून ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक मद्य परवान्याविना बाळगणे हा त्याखाली गुन्हा आहे. साठा ५० लिटरच्या वर गेला तर किमान एक वर्षाच्या कैदेची तरतूद आहे. ७५० मिलिलिटरच्या ६६ बाटल्या म्हणजे साडेएकोणपन्नास लिटर, म्हणजे ६७वी बाटली ही रेषा ओलांडते, आणि संग्राहकाला ६७ बाटल्या जमवायला फार वर्षे लागत नाहीत. २०२२ च्या धोरणात घरी ठेवण्याची मर्यादा वाढवली गेली आणि वर्षाला किमान एक कोटी उत्पन्न असणाऱ्यांसाठी ५०,००० रुपये वार्षिक शुल्काचा होम बार परवाना आला. पण नावाप्रमाणेच तो घरासाठी आहे, देवास नाक्यावरच्या भाड्याच्या गोदामासाठी नव्हे. शिवाय धोरण दर १ एप्रिलला नव्याने लागू होते. तेव्हा जागा पाहायला निघण्यापूर्वी चालू वर्षाची मर्यादा जिल्हा आबकारी कार्यालयात विचारावी आणि उत्तर लेखी घ्यावे. आयुक्तांचे मुख्यालय ग्वाल्हेरच्या मोतीमहालात असले तरी एवढ्यासाठी तिथवर जाण्याची गरज नाही.

ओळखीच्या हॉटेलमालकाच्या बारमध्ये पेट्या ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये, कारण परवानाधारकाला आपल्या साठ्याचा हिशेब नोंदवहीत दाखवावा लागतो आणि तुमच्या बाटल्या त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत. भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवायच्या असतील, तर त्या कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या ताब्यात आहेत हे धरून, त्यांच्या मर्यादेत आणि खरेदीच्या पावत्यांसह ठेवाव्यात. पुण्याच्या काकांकडे पाठवण्याचा बेत असेल तर सेंधव्यापुढे राज्याची हद्द लागते आणि तिथून १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम लागू होतो, हे लक्षात ठेवावे. दोन्हीकडच्या परवानगीशिवाय पेटी गाडीत चढवू नये.

कायद्यात बसणारी जागा मिळाली की मग ती पारखावी. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला अगदी मनापासून बटाट्याचे कोल्ड स्टोरेज सुचवले होते, आणि बटाटे पिकवणाऱ्या माळव्यात ते सुचणे साहजिकही आहे. पण बटाटा साधारण २ ते ४ अंशांवर आणि ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ठेवतात. तिथे वाइन मुरण्याचे जवळजवळ थांबते, लेबलांवर बुरशी चढते आणि पोत्यांचा वास वर्षानुवर्षे सोबत राहतो. जुन्या वाड्याचे तळघर त्यामानाने आशादायक असते, कारण जाड भिंतींमुळे चढउतार मंदावतो. मात्र काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, त्यामुळे तळघर ऑगस्टमध्ये पाहावे आणि भिंतीला हात लावून पाहावे. आर्द्रता ६० ते ७० टक्के हवी. ५० च्या खाली बूच सुकते, ८० च्या वर लेबल जाते. वातानुकूलित खोली असेल तर ती मे महिन्यात दुपारी चार वाजता पाहावी, आणि वीज गेल्यावर जनित्र आपोआप सुरू होते की चौकीदाराला उठवावे लागते, हेही विचारावे. माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तापमान नोंदवणारे छोटे यंत्र रिकाम्या खोक्यात घालून ते महिनाभर तिथे ठेवणे. मालकाचे शब्द आणि त्या यंत्राचा आलेख पुष्कळदा जुळत नाहीत. बुचाच्या बाटल्या आडव्या आणि अंधारात राहतील इतपत मांडणी हवी, हे ओघाने आलेच.

संग्रह परदेशात विकत घेतला असेल, उदाहरणार्थ मुलगी किंवा जावई लंडनला असतील, तर तो इथे आणण्याचा हट्ट धरू नये. प्रवाशाला सोबत दोनच लिटर मद्य शुल्काविना आणता येते आणि त्यापुढचे सीमाशुल्क जबर असते. ब्रिटनमध्ये ‘इन बाँड’ गोदामात ठेवलेल्या वाइनवर ती बाहेर काढेपर्यंत तिथले मद्यशुल्क आणि मूल्यवर्धित कर भरावा लागत नाही, आणि तिथली काही गोदामे हाच धंदा दशकानुदशके करत आली आहेत. विल्टशायरमधल्या कॉर्शमजवळची ऑक्टेव्हियनची कोठारे दगडाच्या जुन्या भूमिगत खाणीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळा होता, आता नुसती दारू आहे.

जागा कुठलीही असो, करार वाचताना तीन गोष्टींवर थांबावे. बाटल्या तुमच्या नावावर, प्रत्येक पेटीला स्वतंत्र क्रमांक देऊन नोंदल्या जातात का, हे पाहावे. तशी नोंद नसेल तर गोदाम बुडाल्यावर तुमची पेटी कोणती हे सिद्ध करता येत नाही. विमा आजच्या बाजारभावाचा आहे की खरेदीच्या किमतीचा, आणि वातानुकूलन बंद पडून झालेले नुकसान त्यात धरले आहे का, हे विचारावे. भाडे १२ बाटल्यांच्या, म्हणजे ९ लिटरच्या पेटीमागे वर्षाला किती आणि एकच बाटली काढायची झाल्यास वेगळे किती, हेही लिहून घ्यावे, कारण स्वस्त भाड्याची भरपाई बहुधा बाटली बाहेर काढण्याच्या शुल्कातून होते. पेट्या सोपवताना प्रत्येक बाटलीच्या मानेतली वाइनची पातळी आणि लेबल दिसेल असे छायाचित्र काढावे, आणि त्याची एक प्रत गोदामवाल्याकडून सही करून घ्यावी.