एमएस्सी गणिताला नव्याने आलात? विभागाची लायब्ररी अशी वापरा

अक्कलकोट, बार्शी, मोहोळकडून बीएस्सी करून सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या कॅम्पसवर आलेल्यांची पहिली मागणी ठरलेली: "सिलॅबसप्रमाणे असलेलं एकच पुस्तक द्या." बीएस्सीला ते खपून गेलं. इथे एका पेपरला दोन-तीन पुस्तकं लागतात आणि ती एका रॅकवर सापडतीलच असं नाही.

म्हणून पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा वाचायची सवय लावा. ड्यूई या पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीत गणित 510 पासून सुरू होतं: बीजगणित 512, टोपोलॉजी 514, अ‍ॅनालिसिस 515, भूमिती 516, न्यूमरिकल 518, प्रोबॅबिलिटी 519. एवढं पाठ असलं की काउंटरवर "काका, ते निळ्या कव्हरचं..." म्हणत उभं राहावं लागत नाही.

खरी गंमत आकड्यांच्या पलीकडे आहे. 'बंद मर्यादित अंतराल कॉम्पॅक्ट असतं', म्हणजे ते कितीही ओपन सेट्सनी झाकलं तरी त्यातले मोजकेच पुरतात, हे प्रमेय घ्या. 515 मधल्या रुडिनच्या पुस्तकात अंतराल पुन्हा पुन्हा निम्मं करत विसंगती गाठली आहे. 514 मधला मंक्रेस डावीकडून सुरुवात करतो, कुठवर मोजक्या ओपन सेट्सनी झाकता येतं ते बघतो आणि त्या बिंदूंचा सुप्रीमम (सगळ्यात लहान वरची सीमा) घेतो. मी हे दोन्ही पुरावे वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहून काढले होते. रिअल नंबर्सचा तोच गुण (पूर्णता, म्हणजे मध्ये कुठे फट नसणं) दोन्हीकडे राबतोय, हे तेव्हा दिसलं. सेमिनारला सर नेमकं तिथेच बोट ठेवतात. नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी तर असे जोडपुरावे जमवावेतच. गाइडमध्ये ते मिळत नाहीत.

रेफरन्स कॉपी बहुधा घरी नेता येत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एप्रिलच्या उन्हात रूमवर तसाही अभ्यास होत नाही. प्रश्न आधी वहीत लिहून न्या, मागची सूची उघडा, लागतील ती चार पानं वाचा. अख्खं पुस्तक झेरॉक्स करणाऱ्यांपैकी ते वाचलेला मला अजून भेटायचाय. आणि आवृत्ती तपासा, कारण सरांनी दिलेला उदाहरणाचा क्रमांक जुन्या आवृत्तीत वेगळाच निघू शकतो.

जर्नल्स महाग, हे रडगाणं जुनंच आहे. 1907 मध्ये रामस्वामी अय्यर यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची सुरुवात केली तीच मुळी वर्गणी काढून पुस्तकं-जर्नल्स मागवायची आणि सभासदांत फिरवायची म्हणून. आपलं नशीब बरं. झेडबीमॅथ ही गणिताच्या पेपरांची ऑनलाइन सूची 2021 पासून सगळ्यांना मोफत आहे. प्रोजेक्टचा विषय ठरवताना तिथे पेपरचा परिचय आधी वाचा. पूर्ण पेपर बऱ्याचदा अर्काइव्हवर (arXiv, संशोधक आपले पेपर मोफत ठेवतात ती साइट) सापडतो. झेडबीमॅथवर पेपरांना दिलेले विषयाचे कोडही बघून ठेवा: 34 म्हणजे ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन्स, 35 म्हणजे पार्शल. भारतातले पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात आहेत. त्यातलं पहिलं प्रकरण जरूर वाचा, व्याख्या तिथे सावकाश मांडलेल्या असतात.

मित्राला पुस्तक हवं असेल तर त्याच्या कार्डावर घ्यायला सांगा. वर्षाअखेरीस नो ड्यूजची सही हवी असते, आणि मित्र तेव्हा नेमका गावी गेलेला असतो.