दुसऱ्या राज्यातल्या एल्कचा टॅग कसा मिळवावा

अमेरिकेत आपल्या राज्याबाहेर एल्क किंवा म्यूल डिअर या हरणांच्या शिकारीला जायचं, तर बंदुकीच्या आधी टॅगची, म्हणजे तो प्राणी मारायच्या परवान्याची, सोय करावी लागते, आणि चांगले टॅग सोडतीतच निघतात. मी टेक्सासात राहतो आणि बारा वर्षं रॉकीजमधल्या राज्यांकडे अर्ज करतोय. नव्या माणसाला जो तो सांगतो, "सगळ्या राज्यांत पॉइंट जमवत राहा, कधीतरी लागेल." पॉइंट म्हणजे दरवर्षी अर्ज करून किंवा पैसे भरून साठणारा गुण, पुढच्या सोडतीत तो कामी येतो. असं करू नका. हा सल्ला ऐकून दहा-दहा वर्षं पैसे भरणारी आणि एकदाही डोंगरात न गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत.

नॉनरेसिडेंट म्हणजे परदेशी नागरिक नव्हे, त्या राज्याबाहेर राहणारा कुणीही. वायोमिंगमध्ये रहिवासी ठरायला वर्षभर राहावं लागतं, कोलोरॅडोत सहा महिने. मित्राच्या पत्त्यावर रहिवासी म्हणून अर्ज करणं हा गुन्हा आहे.

आपल्यापैकी जे एच-१बीसारख्या व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही. जे मोजके अपवाद आहेत, त्यातला एक अमेरिकेतल्या चालू शिकार परवान्याचा. म्हणून आधी परवाना घ्या, वकिलाला विचारा आणि मगच बंदुकीला हात लावा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

हंटर एज्युकेशनचा कोर्स करून टाका. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे.

आता पैसे. बाहेरच्यांकडून जास्त घेणं कायदेशीर आहे. मोंटानात स्थानिकाला नुसता एल्कचा परवाना ९ डॉलरना मिळायचा, बाहेरच्याला मात्र २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागायचा. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ साली राज्याच्या बाजूनं निकाल लागला. तेव्हापासून फी चढतीच आहे, कारण ती ठरवणाऱ्या आमदारांना मतं देतात स्थानिक लोक. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांसाठी एल्कचे दोन दर आहेत: साधा सुमारे ७०० डॉलर आणि 'स्पेशल'. टॅग तोच, जंगल तेच, फक्त स्पेशलच्या रांगेत माणसं कमी. हा स्पेशल दर २०२४पासून साडेबाराशेच्या आसपासवरून थेट १,९५० डॉलरच्या घरात गेला. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर भरावा. मी साध्या रांगेतच उभा राहतो. वायोमिंग आणि न्यू मेक्सिको टॅगची पूर्ण रक्कम अर्जासोबतच घेतात आणि नाव न लागल्यास परत करतात. दोन्हीकडे अर्ज केला तर काही महिने मोठी रक्कम अडकते, हे घरी आधी सांगून ठेवा.

अर्जाच्या शेवटच्या तारखा: वायोमिंगचा एल्क आणि ॲरिझोनाचा एल्क फेब्रुवारीच्या सुरुवातीला, न्यू मेक्सिको मार्चच्या मध्यावर, मोंटाना १ एप्रिल, कोलोरॅडो एप्रिलच्या सुरुवातीला. आयडाहोत सर्वसाधारण टॅग पूर्वी 'जो आधी येईल त्याला' मिळायचे; २०२६च्या हंगामापासून तिथेही बाहेरच्यांसाठी सोडत आली आणि अर्ज आदल्या डिसेंबरातच भरायचे असतात.

आता खरी अडचणीची जागा: पसंतीक्रम. इथे मी सहा वर्षांचे पॉइंट घालवले आहेत, म्हणून सावकाश सांगतो.

कोलोरॅडोत आधी सगळ्यांचे पहिले पसंतीक्रम तपासतात आणि पॉइंट फक्त तिथेच मोजतात. ज्याचे पॉइंट जास्त त्याला टॅग, आणि टॅग मिळाला की पॉइंट शून्य. उरलेले टॅग दुसऱ्या पसंतीवाल्यांना जातात. तिथे पॉइंट बघतही नाहीत आणि खर्चही होत नाहीत. माझ्याकडे सहा पॉइंट होते. या वर्षी जायचंच, म्हणून एक सोपं युनिट (राज्यानं शिकारीसाठी आखलेला भाग) मी पहिल्या पसंतीला घातलं. टॅग मिळाला. माझ्यासोबत आलेल्या मित्राकडे एकही पॉइंट नव्हता. त्यानं तेच युनिट, तोच हंगाम दुसऱ्या पसंतीला घातला होता आणि त्यालाही टॅग मिळाला. दोघं एकाच तंबूत झोपलो, पण माझे सहा पॉइंट संपले होते आणि त्याच्या खात्यात उलट एक वाढला होता. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागायचं, हे ज्यांना आठवतं त्यांना हे चटकन कळेल.

हे टाळायचा एकच मार्ग आहे: मागच्या वर्षीचा सोडतीचा अहवाल वाचणं. कोलोरॅडो तो फुकट देतं. प्रत्येक टॅगला हंट कोड असतो, उदाहरणार्थ ई-एम-०६१-ओ२-आर: एल्क, नर, युनिट ६१, दुसरा रायफल हंगाम, रायफल. त्या कोडचं पान उघडा आणि बाहेरच्यांचा रकाना वेगळा वाचा. स्थानिकांचे आकडे बघून हुरळलेले लोक मी दरवर्षी पाहतो. टॅग कितव्या पसंतीपर्यंत पुरले ते तिथे लिहिलेलं असतं. दुसऱ्या पसंतीपर्यंत पुरले असतील, तर तो टॅग पहिल्या पसंतीला घालू नका. तिथे टॅगऐवजी नुसता पॉइंट मागणारा कोड घाला आणि शिकारीचं युनिट दुसऱ्या क्रमांकावर. कोलोरॅडो ही पद्धत २०२८पासून बदलणार आहे, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका नव्यानं वाचावी लागेल.

तीन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून बघा. चार पॉइंटला मिळणारा टॅग दोन वर्षांनी सहाला गेला असेल, तर तुम्ही वर्षाला एक पॉइंट मिळवून त्याला कधीच गाठणार नाही. याला पॉइंट क्रीप म्हणतात. असं युनिट सोडून द्या. वायोमिंगच्या रानमेंढ्यांसाठी आज नव्यानं पॉइंट घ्यायला सुरुवात करणाऱ्यालाही माझं हेच सांगणं आहे: २०२२पासून तिथले ९० टक्के टॅग स्थानिकांना जातात आणि बाहेरच्यांकडून एका पॉइंटचे १५० डॉलर घेतात. तेवढ्यात प्राँगहॉर्न या काळविटासारख्या प्राण्याचे चार पॉइंट येतात, वर पैसे उरतात.

दुसऱ्या राज्यांत पसंतीक्रमाचा अर्थच बदलतो. न्यू मेक्सिकोत पॉइंट नाहीत. तुमचा नंबर आला की तिन्ही पसंती एकदम तपासतात. तिथे सगळ्यात आवडतं युनिट बिनधास्त पहिलं घाला, तोटा काहीच नाही. पण तिथे विनागाइड बाहेरच्यांचा वाटा जेमतेम ६ टक्के. ॲरिझोनात पहिल्या दोन पसंती एकत्र बघतात. नेव्हाडा तुमच्या पॉइंटांचा वर्ग करतं (त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणतं), म्हणजे जुन्या अर्जदारापुढे नवा फार मागे पडतो. वायोमिंग तीन चतुर्थांश टॅग पॉइंटवर देतं आणि उरलेले सरसकट सोडतीनं, त्यामुळे तिथे शून्य पॉइंटवाल्यालाही आशा असते. मात्र दोन वर्षं लागोपाठ ना अर्ज केला ना पॉइंट घेतला, तर साठलेले सगळे जातात.

गटानं अर्ज करणाऱ्यांनी हे बघाच: वायोमिंग गटाच्या पॉइंटांची सरासरी काढतं, कोलोरॅडो सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचा आकडा धरतं. दहावाल्यानं शून्यवाल्या मेव्हण्याला कोलोरॅडोच्या अर्जात घेतलं, तर अख्खा गट शून्यावर.

वायोमिंगमध्ये युनिट निवडताना नकाशात वाइल्डरनेसची, म्हणजे केंद्रानं राखून ठेवलेल्या रानाची, हद्दही बघा. तिथे बाहेरच्याला परवानाधारक गाइड किंवा स्थानिक सोबती असल्याशिवाय एल्कसारख्या मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही, आणि हे टॅग हातात आल्यावर कळून उपयोग नसतो.

अर्ज भरा, पावती जपून ठेवा, निकाल लागेपर्यंत बँकेचं कार्ड बदलू नका. नाव नाही लागलं तर उरलेल्या टॅगांची यादी उन्हाळ्यात निघते. मादी एल्कचे टॅग त्यात बहुतेक असतात. माझा पहिला एल्क त्याच यादीतला.